शपथेचा कागद: यादवी युद्धात अमेरिकेनं परदेशात केलेली स्वतःची जाहिरात



अमेरिकेचं यादवी युद्ध म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा कापूस आठवतो. १८६१ साली युद्ध पेटलं, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाड, खानदेश, गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा खेळला, बॅकबेच्या शेअरांचं वेड लागलं आणि १८६५ साली युद्ध संपताच सगळा डोलारा कोसळला. ही गोष्ट शाळेपासून आपल्या कानावर आहे. आज आपण त्याच युद्धाची दुसरी बाजू बघणार आहोत. कापूस बाहेर जायचा थांबला होता तेव्हा अमेरिकेचं सरकार माणसं आत कशी आणत होतं, हा आजचा विषय.

आमच्या अभ्यासगटात हा विषय निघाला तो एका साध्या शंकेतून. घरात यादवी चाललेली आहे, दर महिन्याला हजारो तरुण मरताहेत किंवा जायबंदी होताहेत, आणि अशा वेळी एक सरकार परदेशातल्या आपल्या वकिलातींना सांगतं की, लोकांना कळवा, आमच्याकडे येऊन राहण्यासारखा काळ यापूर्वी कधी नव्हता. हे सांगायचं धाडस होतं कसं? आणि लोक ऐकतात कसे? यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं निघालं. पहिल्यानं मात्र आम्हाला बराच वेळ अडकवून ठेवलं.

सुरुवात १८६२ पासून करू. २० मे १८६२ रोजी लिंकननं होमस्टेड कायद्यावर सही केली. सरकारी मालकीची १६० एकर जमीन, दहा डॉलर आणि वर थोडी किरकोळ फी. पाच वर्षं तिथं राहायचं, जमीन कसायची, मग ती तुमची. कायदा लागू झाला १ जानेवारी १८६३ पासून. आपल्याकडच्या श्रोत्यांसाठी सांगतो, १६० एकर म्हणजे कोकणातल्या शेतकऱ्याला स्वप्नातही न दिसणारा आकडा. आयर्लंडच्या किंवा नॉर्वेच्या कुळालाही तो तसाच होता.

या कायद्यातली एक अट नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. जमीन मागणारा अमेरिकेचा नागरिक असला पाहिजे. नसला, तर नागरिक होण्याचा इरादा त्यानं शपथेवर जाहीर केलेला असला पाहिजे. हा इराद्याचा जाहीरनामा म्हणजे एक कागद. कोर्टात जायचं, जुन्या राजावरची निष्ठा सोडायची तयारी आहे असं शपथेवर सांगायचं, कागद खिशात घालायचा. स्थलांतरितांच्या बोलण्यात त्याला नावच होतं, पहिला कागद. पुरतं नागरिकत्व मिळायला पुढं काही वर्षं लागत, पण जमिनीसाठी एवढा कागद पुरे होता.

आता परराष्ट्र खात्याकडे येऊ. विल्यम सुअर्ड हे लिंकनचे परराष्ट्रमंत्री. ८ ऑगस्ट १८६२ रोजी त्यांनी परदेशातल्या आपल्या सगळ्या राजदूतांना आणि कॉन्सलांना एक परिपत्रक पाठवलं, क्रमांक १९. कॉन्सल म्हणजे बंदराबंदरांत बसणारा वाणिज्यदूत. जहाजांचे कागद तपासायचे, अडकलेल्या खलाशांना घरी पाठवायचं, व्यापाराचा अहवाल लिहायचा, ही त्याची नेहमीची कामं. या परिपत्रकानं त्याला आणखी एक काम दिलं. त्यातला आशय असा: शेती, कारखाने, खाणी सगळीकडे माणसांची मागणी आहे, मजुरी पूर्वी कधी नव्हती एवढी चढी आहे, आणि ही वस्तुस्थिती तुमच्या भागात जिथं जिथं उपयोगी पडेल तिथं कळवा. त्यातच एक सावध वाक्यही होतं. येणाऱ्याला पैशाचं आमिष दाखवायचा कायदेशीर अधिकार सरकारला नाही. म्हणजे तिकीट काढून देणार नाही, उचल देणार नाही, फक्त सांगणार.

परिपत्रकात सैन्याचा उल्लेख आहे तो एवढाच की, सैन्याला माणसं लागत असल्यानं मजुरी चढली आहे; भरतीचं बोलावणं त्यात नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत उत्तरेत काय चाललं होतं? जुलैमध्ये लिंकननं तीन लाख स्वयंसेवक मागितले होते. ऑगस्टच्या सुरुवातीला आणखी तीन लाख मिलिशियाची मागणी निघाली आणि राज्यांनी कोटा भरला नाही तर सक्ती करू, असं सांगितलं गेलं. एका हातानं शेतातला गडी लष्करात न्यायचा, दुसऱ्या हातानं त्याच्या जागी युरोपातून गडी मागवायचा. हिशोब म्हणून यात काही चुकीचं नाही. पण तो नवा गडी कायम शेतातच राहील, याची हमी कोण देणार?

पॅरिसला त्या वेळी जॉन बिगेलो हे कॉन्सल-जनरल होते. मूळचे पत्रकार, तेव्हा वृत्तपत्रं कशी वापरायची हे त्यांना कुणी शिकवायला नको. त्यांनी परिपत्रक फ्रेंच वृत्तपत्रांतून छापून आणलं. कचेरीत लोकांची रीघ लागली. पण येणाऱ्यांतले बरेच जण नांगराबद्दल विचारतच नव्हते. त्यांना हवी होती पलटण, हुद्दा, भरतीचं बक्षीस आणि फुकट प्रवास. बिगेलोंनी पुढं म्हातारपणी आठवणींचे खंड लिहिले. त्यांत या परिपत्रकाबद्दल ते फार मोकळेपणानं लिहितात. गोळ्या, रोगराई आणि पळून जाणारे शिपाई यांनी एवढी झीज होत असतानाही उत्तरेचं सैन्य पुन्हा पुन्हा भरत कसं गेलं, या कोड्याचा उलगडा या कागदात आहे, असा त्यांचा अभिप्राय. एका मुत्सद्द्यानं दिलेली ही कबुलीच म्हणायची. आम्हाला मात्र तिच्यात थोडी बढाईही दिसते. उत्तरेच्या सैन्यात परदेशात जन्मलेले साधारण चौथा हिस्सा होते, पण त्यांतले बहुतेक युद्धाच्या आधीच अमेरिकेत आलेले होते. एका परिपत्रकानं सैन्य उभं राहत नाही.

व्हिएन्नाचा किस्सा तर सांगायलाच हवा. तिथले कॉन्सल थिओडोर कॅनिसियस. जर्मन वंशाचे, पूर्वी स्प्रिंगफील्डमध्ये एक जर्मन वृत्तपत्र चालवत आणि त्या वृत्तपत्राचे पडद्यामागचे मालक होते वकील अब्राहम लिंकन. तर या कॅनिसियसनी सप्टेंबर १८६२ मध्ये, कुणालाही न विचारता, थेट गॅरिबाल्डीला पत्र लिहिलं की, आमच्या बाजूनं लढायला याल का? गॅरिबाल्डी तेव्हा जखमी होऊन इटलीच्या राजाच्या कैदेत! राजनैतिक दृष्ट्या हा घोळच होता. सुअर्डनी कॅनिसियसना बडतर्फ केलं आणि मग पुन्हा घेतलंही. वसाहतीची जाहिरात आणि सैन्यभरती यांतली रेघ कॉन्सलांच्या स्वतःच्या डोक्यातही किती पुसट होती, ते यावरून कळतं.

आता आयर्लंड. १८६० नंतरची दोन-तीन वर्षं तिथं पिकं लागोपाठ बुडाली होती. मोठ्या दुष्काळाला जेमतेम पंधरा वर्षं झालेली, त्याची भीती घराघरात ताजी. शिवाय प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी न्यूयॉर्क नाही तर बॉस्टनला गेलेलं, त्याचं पत्र येणार, पत्रासोबत तिकिटाचे पैसे येणार. लोकांनी ऐकलं कसं, या प्रश्नाचं सोपं उत्तर हे असं आहे. कॉन्सलच्या पत्रकापेक्षा भावाच्या पत्रावर विश्वास जास्त, आणि दोन्हीकडून एकच निरोप. अमेरिकेच्या सरकारी आकड्यांनुसार १८६२ मध्ये आयर्लंडमधून सुमारे २३ हजार माणसं आली. १८६३ मध्ये तो आकडा ५६ हजारांच्या घरात गेला. सगळ्या देशांचे मिळून बघितले तर १८६२ मध्ये सुमारे ९२ हजार, १८६३ मध्ये १ लाख ७६ हजार, १८६४ मध्ये १ लाख ९३ हजार. भर युद्धात!

इंग्लंडला हे खुपत होतं. १८१९ च्या कायद्यानं ब्रिटिश भूमीवर परक्या सैन्यासाठी माणसं भरती करायला बंदी होती. त्यामुळे अमेरिकन कॉन्सलांना तोलून मापून बोलावं लागे. जमीन आणि मजुरीबद्दल बोलायला मोकळीक, सैन्याचं नाव काढलं की गुन्हा. नोव्हेंबर १८६३ मध्ये 'किअरसार्ज' ही अमेरिकेची युद्धनौका क्वीन्सटाउनच्या बंदरात आली, आज त्या गावाला कोव म्हणतात. ती निघाली तेव्हा तिच्यावर १६ आयरिश माणसं चढलेली होती. केवढा गहजब झाला! डिसेंबरमध्ये त्यांना परत आणून सोडावं लागलं. पण एखादा माणूस स्वतःच्या पैशानं साध्या प्रवासी जहाजातून न्यूयॉर्कला उतरला आणि दुसऱ्या दिवशी तिथं भरती झाला, तर त्यात कोणता कायदा मोडला? कुठलाच नाही. आणि न्यूयॉर्कला कॅसल गार्डनमध्ये जिथं हे लोक उतरत, तिथून बाहेर पडलं की भरतीवाले आणि बक्षिसाचा वाटा मारणारे दलाल उभेच असत. मॅसॅच्युसेट्स राज्याचा कोटा भरण्यासाठी तर १८६४ मध्ये खासगी दलालांनी हॅम्बर्गहून शेकडो जर्मन आणले. कराराच्या कागदांवर ते कामगार होते. बॉस्टनला उतरल्यावर त्यांतले बहुतेक पलटणींत गेले. काहींनी तक्रार केली की आम्हाला हे माहीतच नव्हतं.

दक्षिणेच्या सरकारनं ही गोष्ट ओळखली. त्यांच्याकडे वाटायला जमीन होती, पण नाकेबंदीमुळे माणसं आणणं अशक्य. तेव्हा त्यांचे प्रचारक उलटं काम करू लागले, जाऊ नका असं सांगायचं. दक्षिणेचे परराष्ट्रमंत्री जूडा बेंजामिन यांनी १८६३ मध्ये आधी लेफ्टनंट कॅपस्टन यांना आणि मग फादर जॉन बॅनन यांना आयर्लंडला धाडलं. बॅनन मूळचे आयरिश, सेंट लुईसचे धर्मगुरू, मिसुरीच्या पलटणीबरोबर रणांगणावर राहिलेले. त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. बंदरातल्या धर्मशाळेवजा वसतिघरांत जहाजाची वाट बघणारी माणसं उतरत. तिथं भित्तिपत्रकं लावायची, गावोगावच्या धर्मगुरूंकडे पत्रकं पाठवायची. मजकूर काय? १८३४ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये कॅथलिक जोगिणींचा मठ जाळला तो कुणी? १८४४ मध्ये फिलाडेल्फियात आपली चर्चं पेटवली ती कुणी? याच उत्तरेतल्या लोकांनी. आणि आता तिथं जाऊन तुम्ही कुणाशी लढणार, तर दक्षिणेतल्या आयरिश भावांशी. पोपनं जेफर्सन डेव्हिसला लिहिलेलं सौजन्याचं पत्रही त्यांनी छापलं. डिसेंबर १८६२ मध्ये फ्रेडरिक्सबर्गच्या टेकडीखाली आयरिश ब्रिगेडची जी कत्तल झाली, तिच्या बातम्या घरोघर पोचलेल्याच होत्या. त्यामुळे हे बोलणं लोकांच्या मनाला भिडत होतं.

गंमत बघा, बेंजामिननी आपल्या माणसांना बजावलं होतं की फसवाफसवी करू नका, कायदा मोडू नका, फक्त खरं काय ते सांगा. सुअर्डच्या परिपत्रकातही बहुतेक खरंच होतं. मग दोन्ही बाजूंनी खरं सांगूनसुद्धा त्या बंदरावरच्या माणसाला खरं कळलं का?

इथं आपण त्या शपथेच्या कागदाकडे परत येऊ.

३ मार्च १८६३ रोजी अमेरिकन काँग्रेसनं सक्तीच्या भरतीचा कायदा केला. २० ते ४५ वयाचे पुरुष. कोण? नागरिक, आणि नागरिक होण्याचा इरादा शपथेवर जाहीर केलेले परदेशी. म्हणजे जो कागद १६० एकरांचं दार उघडत होता, तोच कागद माणसाला भरतीच्या यादीत नेऊन बसवत होता. ज्यानं तो घेतला नाही, तो परका म्हणून सुटला, पण त्याला जमीन नाही. तीनशे डॉलर भरून सूट घेता येत होती. मजुराची ती जवळजवळ वर्षभराची कमाई. न्यूयॉर्कमध्ये जुलै १८६३ च्या मध्यावर चार दिवस जी दंगल झाली, तिच्यामागे हा तीनशे डॉलरचा संताप मोठा होता. त्या दंगलीत आयरिश मजुरांनी काळ्या माणसांना वेचून मारलं, हेही इथं सांगितलं पाहिजे. संतापाला जागा होती म्हणून ती हिंसा धुतली जात नाही.

गोंधळ इतका झाला की ८ मे १८६३ ला लिंकनना जाहीरनामा काढावा लागला. ज्यांनी इरादा जाहीर केला आहे पण अजून मतदान केलेलं नाही, त्यांनी हवं तर ६५ दिवसांत देश सोडावा. त्यानंतर इथं सापडलात तर मी परदेशी आहे ही सबब चालणार नाही. विचार करा. एखाद्या माणसानं जानेवारीत नेब्रास्कात जमीन नोंदवली, मातीच्या ढेकळांचं घर बांधायला घेतलं, वसंतात पहिली नांगरट केली. मे महिन्यात त्याला पर्याय काय, तर सगळं टाकून निघ किंवा चिठ्ठीत नाव येण्याची वाट बघ.

विस्कॉन्सिनमध्ये तर हे आधीच घडून गेलं होतं. तिथं राज्याच्या कायद्यानुसार पहिला कागद घेतलेल्याला मतदानही करता येई. नोव्हेंबर १८६२ मध्ये मिलिशियासाठी चिठ्ठ्या काढायची वेळ आली तेव्हा पोर्ट वॉशिंग्टन गावात लक्झेंबर्गहून आणि जर्मनीहून आलेल्या शेतकऱ्यांनी अधिकाऱ्याला बदडलं आणि याद्या नष्ट केल्या. सक्तीच्या लष्करी चाकरीला कंटाळून जे गाव सोडून आले होते, त्यांच्या दारात तीच चाकरी उभी राहिली होती.

परिपत्रकात नसलेल्या गोष्टी आणखीही होत्या. मजुरी चढी, हे खरं. पण १८६२ पासून सरकारनं कागदी डॉलर छापायला सुरुवात केली होती आणि महागाई मजुरीच्या पुढं धावत होती. १८६४ च्या उन्हाळ्यात कागदी डॉलरची सोन्यातली किंमत चाळीस सेंटच्याही खाली गेली. आणि ती जमीन कुणाची? परिपत्रक निघाल्यावर दहा दिवसांच्या आत मिनेसोटात डकोटा लोकांचं युद्ध पेटलं. करारानुसार मिळायचे पैसे वेळेवर आले नाहीत, लोक उपाशी, व्यापारी उधार देईनात. शेकडो वसाहतवाले मारले गेले, त्यांत जर्मन होते, स्वीडिश आणि नॉर्वेजियन होते. २६ डिसेंबर १८६२ रोजी मँकेटो गावात ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिली गेली आणि पुढच्या वर्षी कायदा करून त्या लोकांना मिनेसोटाबाहेर घालवलं. सहा दिवसांनी, १ जानेवारीला, होमस्टेडची पहिली नोंदणी झाली. या दोन तारखा आम्ही शेजारी ठेवल्या तेव्हा गटात थोडा वेळ कुणी बोललं नाही.

१८६४ मध्ये सरकारनं आणखी एक पाऊल टाकलं. लिंकननं डिसेंबर १८६३ च्या संदेशात शेती आणि खाणींत माणसं कमी पडताहेत असं काँग्रेसला सांगितलं होतं. ४ जुलै १८६४ ला स्थलांतराला उत्तेजन देणारा कायदा झाला. परराष्ट्र खात्यात स्थलांतर आयुक्त नेमला, न्यूयॉर्कला कचेरी उघडली. प्रवासखर्चाच्या बदल्यात एक वर्षापर्यंतची मजुरी गहाण टाकणारे करार कायदेशीर ठरवले. आणि सक्तीच्या भरतीचं काय? यापुढं येणाऱ्या स्थलांतरिताला चालू युद्धात सक्तीनं भरती करणार नाही, असं स्पष्ट कलम घातलं. पण कलम तिथं संपत नाही. त्यानं शपथेवर जुनी निष्ठा सोडून नागरिक होण्याचा इरादा जाहीर केला असेल, तर मात्र संरक्षण नाही. पुन्हा तोच कागद! कॉन्सल आता छातीठोकपणे सांगू शकत होता की या, सक्ती नाही. आणि जमीन हवी असणाऱ्याच्या बाबतीत ते तेवढंच अर्धवट राहत होतं.

आमचं मत विचाराल तर, सुअर्ड खोटं बोलले असं आम्ही म्हणणार नाही. त्यांनी एक खरी गोष्ट युरोपात सांगितली आणि दुसरी खरी गोष्ट न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ठेवली. दोहोंच्या मध्ये अटलांटिक होता आणि परतीच्या तिकिटाचे पैसे फारच थोड्यांकडे होते.

हा १८६४ चा कायदा १८६८ मध्ये रद्द झाला. पण कॉन्सलांना लागलेली सवय टिकली. विल्यम विजरी थॉमस हे युद्धकाळात स्वीडनमध्ये गॉथेनबर्गला कॉन्सल होते, स्वीडिश भाषा शिकले, लोकांत मिसळले. १८७० मध्ये ते मेन राज्याच्या वतीनं परत तिथं गेले, ५१ माणसं घेऊन आले आणि उत्तरेच्या जंगलात प्रत्येक कुटुंबाला १०० एकर देऊन न्यू स्वीडन नावाचं गाव वसवलं. ते आजही आहे.

व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं की, मुंबईतही अमेरिकेचा कॉन्सल होता, मग आपल्याकडे ही जाहिरात का झाली नाही? प्रश्न चांगला आहे. उत्तर त्या कागदातच आहे. १७९० च्या कायद्यानं नागरिकत्व फक्त गोऱ्या स्वतंत्र माणसांसाठी होतं. नागरिक होण्याचा इरादा जाहीर करण्याचा हक्कच नाही, तर होमस्टेडवर अर्ज कसा करणार? शिवाय फेब्रुवारी १८६२ मध्ये अमेरिकेनं आपल्या जहाजांतून चिनी मजुरांची कुली म्हणून होणारी वाहतूक बंद केली होती. आपल्या कोकणातली माणसं त्या काळात करारावर जात होती ती मॉरिशसला, उसाच्या मळ्यांत. त्यांच्या अंगठ्याखालच्या कागदावर काय लिहिलं होतं, हा विषय आपण पुढच्या व्याख्यानात घेऊ. आणि हो, भारतीयांना अमेरिकेचं नागरिकत्व कायद्यानं खुलं झालं ते १९४६ साली.